कोणत्या तारखेची जमीन?

जमीन कोणाची, असं कायद्याला विचारलं की तो उलट विचारतो, कोणत्या दिवशीची? आमच्या भागात तो दिवस होता 1 एप्रिल 1957. कूळकायद्याप्रमाणे त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो तिचा मानीव खरेदीदार, म्हणजे कायद्यानेच विकत घेणारा, झाला. वर्षभर आधी ज्याला मालकाने गोड बोलून नाहीतर दम देऊन शेतातून बाहेर काढलं होतं, तो कोरडाच राहिला. (मराठवाड्यात आणि विदर्भात कायदे वेगळे, तारखाही वेगळ्या.) घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘सत्तावन्न साल’ इतक्या वेळा यायचं, की शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं झाशीच्या राणीची लढाई आमच्या ओढ्याकाठच्या पट्टीवरच झाली असणार.

हे सगळं पुन्हा डोक्यात यायला कारण झालं रोमानिया. नोकरीनिमित्त मी बुखारेस्टमध्ये असतो. कंपनी नकाशांचं सॉफ्टवेअर करते. टीममधल्या एका पोराचे आजी-आजोबा तेलेओर्मान जिल्ह्यात, डॅन्यूबच्या अलीकडच्या मैदानात राहतात. सुट्टीला तो मला ओढून घेऊन जातो. काळी कसदार माती, टेबलासारखं सपाट रान, गहू, मका, सूर्यफूल, मधूनच बाभळीच्या जातीच्या झाडांच्या रांगा. बागायत नाही की डोंगर नाही. गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि बंद घरं. तिकडे आजोबांना तताये म्हणतात आणि आजीला ममाये. मीही तेच म्हणतो.

तताये पहिल्याच भेटीत, अजून जेवणाची पानं वाढली जायची होती तेव्हाच, म्हणाले, “तुझी किती?” पगार, लग्न, धर्म असल्या चौकशा नंतर. मी म्हटलं, सातबाऱ्यावर सहा जणांची नावं आहेत, माझ्या वाटणीला म्हणाल तर सव्वा एकर. नातवाने भाषांतर केलं. ततायेंनी मनातल्या मनात एकरांचं पोगोन केलं. पोगोन म्हणजे तिकडचं जुनं माप, साधारण अर्धा हेक्टर. सरकारी कागदावर हेक्टर असतात, पण म्हातारी माणसं बोलतात पोगोनमध्येच, जसं आपल्याकडे उताऱ्यावर हेक्टर-आर आणि तोंडात एकर-गुंठे. “म्हणजे एकच पोगोन,” तताये म्हणाले आणि माझ्या ताटात मटणाचा आणखी एक तुकडा वाढला. गरीब माणूस म्हणून असावा.

या मैदानातल्या शेतकऱ्याला दीडशे वर्षांत जमीन इतक्या वेळा मिळाली आहे की त्यावरूनच ओळखावं, मधल्या काळात ती गेली किती वेळा असेल. 1864 साली वेठबिगार संपली आणि काहींना तुकडे मिळाले. ते पुरेनात. जमीनदारांकडून इस्टेटी खंडाने घेऊन कुळांना पिळणारे आरेंदाश माजले, आणि 1907 साली त्यांच्याविरुद्ध एवढं मोठं बंड झालं की सैन्याने हजारो शेतकरी मारले. पहिल्या महायुद्धात सैन्य खचायला लागलं तेव्हा राजा फर्डिनांडने खंदकातल्या शिपायांना जमिनीचं वचन दिलं, आणि 1921च्या कायद्याने ते बऱ्यापैकी पाळलं गेलं. ततायेंच्या आजोबांना जमीन मिळाली ती तेव्हा. 1945 मध्ये पुन्हा वाटप झालं. पन्नास हेक्टरांवरच्या मालकांची जमीन काढून भूमिहीनांना दिली. हे वाटप ज्यांनी केलं त्याच कम्युनिस्ट पक्षाने चार वर्षांत, मार्च 1949 मध्ये, सामूहिक शेतीचा ठराव केला.

ही सामूहिक शेती आपल्याकडच्या सहकारासारखी नव्हती. साखर कारखान्याचा सभासद शेअर घेतो, जमीन त्याच्या नावावरच राहते. इथे जमीन, बैल, नांगर, गाडी सगळं कोलेक्तीवमध्ये जमा करायचं आणि मागे घराभोवतालचा परसाचा तुकडा ठेवायचा. हे सगळं ‘स्वेच्छेने’. म्हणजे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने अर्ज लिहायचा की मी माझ्या खुशीने अमुक इतकी जमीन घेऊन सामील होतो आहे. खुशी यावी म्हणून आधी सक्तीची लेव्ही, तीही अशी की पेरलं त्याहून जास्त द्यावं लागावं. त्याखेरीज क्याबूर हा शिक्का होता. क्याबूर म्हणजे धनदांडगा शेतकरी. मळणीयंत्र असलं, गडी ठेवला, पिठाची गिरणी असली की माणूस क्याबूर. मग त्याची लेव्ही वाढायची, मुलांना कॉलेजात प्रवेश मिळायचा नाही, कधी रात्री गाडी यायची. या मोहिमेत पकडून खटले भरलेल्या शेतकऱ्यांचा आकडा पक्षप्रमुख गेओर्ग्यू-देज यांनीच नंतर, 1961 साली, 80,000 सांगितला. व्रान्चा भागातल्या वादू रोश्का गावाने 1957च्या डिसेंबरात नकार दिला तेव्हा गोळीबारात नऊ माणसं मेली. तिथे कारवाईवर असलेल्या वरिष्ठांमध्ये निकोलाए चाउशेस्कू हा एक तरुण नेता होता, पुढे देशाचा हुकूमशहा झालेला तोच. 1962च्या वसंतात सरकारने जाहीर केलं की काम पूर्ण झालं. डोंगरातली काही गावं तेवढी सुटली, कारण तिथे ट्रॅक्टर चालत नाही.

ततायेंच्या वडिलांकडे सात पोगोन होते. बाप हुशार. सातचा आकडा वहीत दिसला तर क्याबूर ठरायची भीती, आणि लेव्हीही आकड्यावर. म्हणून त्याने तीन पोगोन मेव्हण्याच्या नावावर लिहून दिले. मेव्हणा गरीब, त्याच्याकडे कोणी बघणार नव्हतं. अशी लपवालपवी घरोघर चालली होती. कोणी जमीन कमी सांगितली, कोणी पोरांची खोटी वाटणी करून दाखवली. आपल्याकडे 1961चा सीलिंग कायदा आला तेव्हा किती गडीमाणसांच्या, कुत्र्यामांजरांच्या नावावर जमिनी चढल्या याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेतच. सरकार जमीन मोजायला येतं आहे म्हटल्यावर शेतकरी जगभर एकच करतो. 1960 साली शेवटी बापाने अर्जावर सही केली, चार पोगोनवर.

ततायेंचं वय तेव्हा वीस. त्यांना ट्रॅक्टर स्टेशनवर नोकरी लागली. नवा लाल ट्रॅक्टर, मागे मोठा नांगर. पहिल्या शरद ऋतूतलं काम होतं बांध मोडायचं. पट्ट्यापट्ट्यांची शेतं, मधले बांध, कोपऱ्यावरची तुतीची झाडं, पायवाटा, सगळं एका लांबीत नांगरून काढायचं. त्यात स्वतःच्या बापाचा बांधही आला. बाप तिथे उभा होता का, असं मी विचारलं. तताये म्हणाले, “नाही. घरी बसला होता, खिडकी बंद करून. पण मी बांधाजवळ आलो तेव्हा गिअर बदलला. उगाच. जमीन तीच होती.” मग त्यांनी विषय बदलला आणि त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं कौतुक सुरू केलं, ते बराच वेळ चाललं.

कोलेक्तीवची तीस वर्षं त्यांच्या तोंडून ऐकताना माझी एक अडचण होते. मी शिव्या ऐकायला तयार होऊन बसतो आणि त्यांना आठवते कापणीच्या वेळची जेवणं, डान्स, शहराच्या कारखान्यात नोकरी लागलेली भावंडं. ममायेचं तसं नाही. ती खुरपणीच्या टोळीत होती. मका, बीट, पुन्हा मका. हिशेब ‘कामाच्या दिवसां’चा असायचा आणि मोबदला वर्षअखेर धान्यात, थोडा पैशात. चोरून मक्याची कणसं पदरात आणायची हे पगारातच धरलेलं. 1980 नंतर चाउशेस्कूने परदेशी कर्ज फेडायला धान्य बाहेर काढलं तेव्हा गहू पिकवणाऱ्या गावात ब्रेडला रांग लागायची. ममाये हे सांगताना हसते. मला ते हसणं कळत नाही, नातवाला कळतं.

डिसेंबर 1989 मध्ये चाउशेस्कू गेला आणि त्या हिवाळ्यात गावाने कोलेक्तीव फस्त केलं. आदेश नव्हता, ठराव नव्हता. गोठ्याच्या विटा, कौलं, खिडक्यांच्या चौकटी, गव्हाणी, पाण्याचे पाइप, ज्याला जे उचलता आलं ते त्याने नेलं. ततायेंच्या परसातली कोंबड्यांची खुराडी अजून त्याच विटांची आहे. हे रागाने केलं की लोभाने, यावर तिकडचे शहरी लोक तावातावाने बोलतात. मला त्यात वावगं दिसत नाही. आपले बैल आणि गाडी जिथे गेली तिथून माणसाने विटा तरी आणाव्यात. पण गोठे पाडले त्याची किंमत पुढच्या पाच वर्षांत कळली, ते पुढे सांगतो.

फेब्रुवारी 1991 मध्ये कायदा आला, नंबर 18. कोलेक्तीव बरखास्त. कोलेक्तीवमध्ये गेलेली जमीन मूळ मालकांना किंवा वारसांना परत, मात्र कुटुंबाला जास्तीत जास्त दहा हेक्टर. गावोगाव समित्या, महापौर अध्यक्ष. म्हणजे तारीख ठरली: कोलेक्तीवमध्ये शिरलास त्या दिवशी तुझं काय होतं? पुरावा म्हणून खरेदीखत चालेल, जुनं जमीनपुस्तक चालेल, तेव्हाची शेतीची नोंदवही चालेल, आणि यातलं काही नसेल तर साक्षीदार. त्या यादीत आणखी एक कागद होता, ज्याने मी चकित झालो. कोलेक्तीवमध्ये सामील होण्याचा तो ‘स्वेच्छे’चा अर्ज. दमदाटी करून ज्या कागदावर सही घेतली, बापाने रात्रभर झोप न लागता ज्यावर आकडा लिहिला, तोच कागद तीस वर्षांनी मालकीचा पुरावा झाला. जमीन गेल्याची पावती दाखवायची आणि जमीन घ्यायची.

आणि त्या पावतीवर चार पोगोन होते. सात नव्हते.

क्याबूर होण्याची भीती ज्यांनी हुशारीने चुकवली त्यांच्या मुलांना 1991 मध्ये त्या हुशारीचा दंड बसला. कमी सांगितलं होतं, कमी मिळालं. उलट ज्याने छाती पुढे काढून खरा आकडा सांगितला आणि दोन वर्षं तुरुंगात काढली, त्याच्या नातवाला पूर्ण जमीन. मेव्हण्याच्या पोरांनी तीन पोगोन मागितले आणि कागदाप्रमाणे त्यांना ते मिळाले. तताये समितीपुढे गेले, की ही आमची, बापाने भीतीपोटी लिहून दिली होती. समितीने विचारलं, साक्षीदार? जे होते ते सगळे कबरीत. दोन्ही घरं आज एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. भावकी म्हणजे काय हे ततायेंना मराठीत समजावून सांगायची गरज मला पडली नाही.

मोजणी 1992च्या वसंतात झाली. ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मुलखात, जमिनीची नीट पुस्तकं होती, नकाशे होते. दक्षिणेच्या या मैदानात तसं काही नव्हतं. नोंदवहीत ‘इलाका तळ्याकडचा, पोगोन दोन, शेजारी अमुक’ एवढंच. तळं कोलेक्तीवने बुजवून टाकलेलं. समितीचे लोक, एक मोजणीदार, मागे सगळं गाव, आणि समोर क्षितिजापर्यंत हिरवा गहू, ज्यात एक खूण नाही. मोजायला लाकडी कंपास. आपल्या शाळेतल्या कंपासचीच जात, फक्त उंचीला माणसाच्या कमरेपर्यंत आणि दोन टोकांत दोन मीटर अंतर. तो पलट्या खात चालवायचा आणि मोठ्याने मोजायचं. ओली माती, त्यात पाय रुतला की माप हलतं. म्हातारे ओरडत होते की तुती इथे होती, नाही तिथे होती. एक बाई म्हणे गुडघ्यावर बसून हाताने माती उकरत होती, तिच्या बापाने पुरलेला हद्दीचा दगड शोधायला. सापडला नाही. नांगराने कधीच वर काढून फेकला असणार. शेवटी महापौराने कंटाळून सांगितलं, जुन्या जागेचा हट्ट सोडा, रस्त्याकडून सुरू करून ओळीने पट्टे देतो. ततायेंना मिळाला बारा मीटर रुंद आणि सातशे मीटर लांब पट्टा, बाकीचं आणखी तीन ठिकाणी. पट्टा बापाच्या जागेपासून दीड किलोमीटरवर. तरी तताये त्याला ‘बापाचं’च म्हणतात.

समितीत कोण होतं, तेही सांगायला हवं. महापौर आधी कोलेक्तीवचा हिशेबनीस. शेतीतज्ज्ञ म्हणून आलेला इंजिनिअर कोलेक्तीवचाच. असं देशभर झालं, आणि दुसरं होणार तरी काय होतं? कोणत्या प्लॉटची माती कशी, पाणी कुठे साचतं, कुठली वही कोणत्या कपाटात, हे त्यांनाच माहीत. मालक कोण हे ठरवणारी तारीख 1960ची होती, पण जमिनीची माहिती 1990ची होती, आणि ती माहिती ज्याच्या खिशात तो कधी उपाशी राहत नाही.

तारखेचा हा खेळ त्या काळात सगळ्या पूर्व युरोपात चालला होता. चेक लोकांनी 25 फेब्रुवारी 1948 ही रेघ मारली, कम्युनिस्टांनी सत्ता घेतली तो दिवस. त्याच्या आधी हाकललेल्या सुडेटन, म्हणजे सीमेकडच्या, जर्मनांच्या जमिनी अशा अलगद बाहेर राहिल्या. एकत्र झालेल्या जर्मनीने 1945 ते 1949 मध्ये सोव्हिएत अमलाखाली काढलेल्या जमीनदारांच्या जमिनी परत द्यायच्या नाहीत असं ठरवलं, नंतरच्या द्यायच्या. बाल्टिक देशांनी घड्याळ 1940 पर्यंत मागे फिरवलं. हंगेरीने जमीन न देता लिलावात वापरायची व्हाउचर दिली. अल्बेनिया एकटा असा निघाला की त्याने मागे बघितलंच नाही. तिथल्या 1991च्या कायद्याने गावातल्या माणसांत डोई मोजून जमीन वाटली. उत्तरेच्या डोंगरातल्या लोकांनी तो कायदा बाजूला ठेवला आणि आजोबांच्या हद्दी धरल्या.

रोमानियात दहा हेक्टरांची मर्यादा होती, कारण तेव्हा सत्तेवर राष्ट्राध्यक्ष इलिएस्कूंची, म्हणजे जुन्या कम्युनिस्टांतूनच आलेली मंडळी, त्यांना जुने जमीनदार परत नको होते. सरकार बदललं, मर्यादा 1997 मध्ये पन्नास हेक्टरांवर गेली. 2000 मध्ये आणखी एक कायदा, 2005 मध्ये आणखी एक, प्रत्येक वेळी मागची रेघ पुढे-मागे. सरकारी फार्मवर गेलेल्या जमिनीच्या मालकांना आधी शेअरहोल्डर केलं, मग काही वर्षांनी म्हटलं बरं, घ्या जमीन. पहिल्या फेरीत वाटलेली जमीन दुसऱ्या फेरीत आणखी कोणाची तरी निघायची. कोर्टात खटले साचले ते अजून निघतात.

या सगळ्यात ममायेच्या वाट्याला काय आलं? तिच्या बापाची जमीन पाच भावंडांत, तिचा हिस्सा पोगोनभरही नाही. तीस वर्षं ज्या जमिनीवर ती वाकून खुरपत राहिली तिच्यावर त्या तीस वर्षांचा हक्क शून्य. कायद्यात भूमिहीन कोलेक्तीव कामगारांना अर्ध्या हेक्टरापर्यंत देण्याची सोय होती, पण जमीन उरली तर. मैदानातल्या गावात उरत नव्हती. रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांचं तर असं की 1921 आणि 1945 मध्ये त्यांतल्या बहुतेकांना काही मिळालं नव्हतं, म्हणून कोलेक्तीवमध्ये आणायला जमीन नव्हती, म्हणून परत मिळायलाही नव्हती. कोलेक्तीवच्या गोठ्यात राबणारी रोमा कुटुंबं 1991 नंतर गावाच्या कडेला बसून राहिली. कूळकायद्याने कसणाऱ्याला मालक केलं, इथल्या कायद्याने मालकाला मालक केलं. कूळकायद्यातही शेतमजुराला काही मिळालं नाही, त्यामुळे मी फार टेचात बोलू शकत नाही.

मला विचाराल तर 1960ची तारीख धरणं न्यायाचं होतं, कारण जबरदस्तीने घेतलेलं परत द्यायला हवं. पण त्या एकाच तारखेवर सगळी जमीन टांगणं चुकलं. तीस वर्षांचे कष्ट कोणाच्या तरी खात्यात जायला हवे होते, निदान चौथा हिस्सा. मी हे बोललो तेव्हा तताये भडकले. ममाये काही बोलली नाही, तिने फक्त माझ्या पेल्यात त्सुइका ओतली, ही त्यांची आलुबुखारची घरगुती दारू. ते मत म्हणून धरावं का, कळलं नाही.

जमीन हातात आली आणि कसायला काही नाही. ट्रॅक्टर स्टेशनं कंपन्या झाली, नांगरटीचा दर आधी रोख मागू लागली. पेन्शनवर जगणारा म्हातारा कुठून देणार? गोठे पाडलेले, त्यामुळे गुरं नाहीत, शेणखत नाही. 1989 पर्यंत देशात तीस लाख हेक्टरांच्या आसपास सिंचनाची सोय होती. पंप एकेका अजस्र प्लॉटसाठी बांधलेले, दोन पोगोनच्या मालकाला ते चालवता येईनात. ते बंद पडले, पाइप भंगारात गेले. माझ्या सहकाऱ्याच्या बालपणीच्या फोटोंत घोडे आहेत. बापाच्या बालपणी ट्रॅक्टर आणि पोराच्या बालपणी घोडा, असं त्या देशात झालं. मग माणसं इटली-स्पेनला गेली, आधी पुरुष, मग वृद्धांची सेवा करायला बायका.

राहिली ती जमीन, तीही खंडाने. पेन्शनर मालक एकेक पट्टा आरेंदाशला देतात. हो, तोच शब्द, 1907 मध्ये ज्याच्या नावाने बंड झालं होतं. आता तो इंजिनिअर आहे, त्याच्याकडे मोठं हार्वेस्टर आहे आणि शंभर म्हाताऱ्यांचे करार. हेक्टरी ठरलेले क्विंटल गहू किंवा मका, वर तेलाचे डबे. त्याला शेत मोठं लागतं, म्हणून त्याने सगळे पट्टे एकत्र नांगरले आहेत. 1992 मध्ये कंपास फिरवून, भांडून, शिव्या देऊन मारलेल्या हद्दी पुन्हा एकदा नाहीशा झाल्या. ततायेंच्या घराच्या मागून बघितलं तर तेच दिसतं जे त्यांच्या ट्रॅक्टरच्या सीटवरून दिसायचं. सलग गहू.

युरोपीय संघात गेल्यावर हेक्टरी अनुदान आलं. एक हेक्टरहून कमी असेल तर अर्जच करता येत नाही, आणि एकेक तुकडाही किमान तीस आरचा हवा. अनुदान जो कसतो त्याला, म्हणजे आरेंदाशला. 2020च्या शेतीगणनेत रोमानियात अजूनही 29 लाखांच्या आसपास शेतकरी घटक निघाले, सबंध युरोपीय संघातल्या शेतांच्या जवळजवळ एक तृतीयांश. त्यातले बहुतेक पाच हेक्टरांच्या आतले. दुसऱ्या टोकाला डॅन्यूबमधलं ब्राइलाचं मोठं बेट, राजकीय कैद्यांना राबवून, दलदल आटवून केलेली पन्नास हजारांहून जास्त हेक्टरांची सलग शेती. ती आधी सरकारी फार्म होती, मग एका खासगी कंपनीने खंडाने घेतली, आणि 2018 मध्ये ती कंपनी अबू धाबीच्या अल दाहराने विकत घेतली. तिथे बापांच्या तारखा काढून जमीन परत वाटली गेली नाही. बेट आधी बहुतेक दलदलच होतं.

हे वाचून कोणी म्हणेल, हे समाजवादी देशांचं दुखणं. श्रीरामपूरकडच्या माणसाला तसं वाटणार नाही. तिकडे ब्रिटिश काळात साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून जमिनी खंडाने घेतल्या, सीलिंग कायद्याने त्या सरकारकडे आल्या, 1963 साली त्यांवर महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ उभं राहिलं. मळे, चाळी, कामगार, सायरन. महामंडळ तोट्यात गेलं आणि खंडकऱ्यांच्या वारसांना जमीन परत देण्याचा लढा पिढ्या खाऊन गेल्या दशकात फळाला आला. जमीन मिळाली खंडकऱ्यांना. मळ्यावरच्या चाळींत जन्म काढलेल्या कामगारांचं काय, हा प्रश्न तिथेही राहिलाच.

ततायेंकडे सध्या नवीन प्रकरण चालू आहे. 2015 पासून सरकारने मोफत मोजणी-नोंदणीची मोहीम काढली, ती यंदा त्यांच्या गावात आली. उपग्रहाच्या मदतीने मोजतात, पाय रुतायचा प्रश्न नाही. रस्त्याकडच्या पट्ट्यात कागदापेक्षा तीन आर कमी निघाले. सातशे मीटर लांबीवर तीन आर म्हणजे हातभर रुंदी. आता यादी प्रिमारियेत लागली आहे, प्रिमारिये म्हणजे त्यांची ग्रामपंचायत आणि तलाठी कार्यालय एकत्र, आणि हरकतीची मुदत चालू आहे.

ततायेंचा संशय शेजाऱ्यावर आहे, त्याने बांध कोरला. नातू म्हणतो, शेजारी 2006 पासून इटलीत, तोरिनोत प्लंबर आहे, आणि सगळं रान आरेंदाश नांगरतो, कोरायला बांधच नाही. मग कंपासवाल्यावर संशय. तो वारला. मग महापौरावर. नातू म्हणतो, तीन आरचे दोन-अडीचशे युरोही येणार नाहीत, वकील त्याहून जास्त घेईल, आणि जमीन शेवटी माझ्याच नावावर येणार आहे, मला चालतंय. तताये म्हणतात, तुला चालतंय कारण तुला माहीत नाही की एकदा कमी आकड्यावर सही केली की काय होतं.

येत्या मंगळवारी हरकत द्यायला जायचं ठरलं आहे. मला बरोबर बोलावलं आहे, मी ‘मोजणीतला माणूस’ म्हणून. मी फक्त सॉफ्टवेअर लिहितो हे दोनदा सांगून झालं. अर्ज मात्र नातवाने लिहायचा नाही, तताये स्वतः लिहिणार आहेत, आणि त्यात मेव्हण्याच्या पोरांकडच्या तीन पोगोनचाही विषय घालणार आहेत.